मला वगळून प्रार्थना

४ सप्टेंबर, बुधवार

लेकीने जानेवारीत दिलेली ही डायरी मी आजवर मापं टिपायला वापरली. सुरुवातीच्या पानांवर निम्म्या गल्लीच्या छात्या आणि कंबरा आहेत. आजपासून मात्र मनातलं लिहिणार. तोंडाने बोलले तर भांडण होईल, आणि मला भांडणाची अजिबात हौस नाही. (हे वाक्य आमच्या ह्यांच्या हाती लागलं तर हसून हसून खुर्चीतून पडतील.)

झालं असं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणाले, "आणि प्रभू, आमच्या त्या भावावर दया कर, ज्याच्यासाठी आम्ही सगळे तुझ्याकडे मागतो आहोत." लगेच चारी बाजूंनी आमेन, आमेन. म्हणजे कोणता भाऊ ते सगळ्यांना ठाऊक! मी शेजारी बसलेल्या पाळकीणबाईंना कोपराने ढोसलं, "कोणता हो भाऊ?" तर त्यांनी गीतांच्या पुस्तकात असं डोकं घातलं की वर म्हणून बघितलं नाही. ह्यांना विचारलं, तर हे आपल्या बुटांकडे बघत बसलेले. ह्यांचं एक ठीक आहे. हे माझी सोबत म्हणून चर्चला येतात आणि प्रवचनात डुलक्या काढतात, त्यांना कोण काय सांगणार? पण मी साखळीतली आहे.

आमची प्रार्थनेची साखळी फोनवर चालते. कुणावर संकट आलं की तो नर्सबाईंना कळवतो. नर्सबाई म्हणजे निवृत्त हेडनर्स. दवाखाना सुटला, हेडपणा काही सुटला नाही. त्या पाळकीणबाईंना फोन करतात, पाळकीणबाई घड्याळवाल्या काकांना, काका मला, मी मास्तरांना, आणि मास्तर उलट नर्सबाईंना कळवतात की पोहोचली. नियम कडक. 'साखळी' म्हणायचं, कुणासाठी आणि काय मागायचं ते सांगायचं, फोन ठेवायचा. ख्यालीखुशाली नाही, आजाराच्या चौकशा नाहीत. पुढच्याला कळवायचं, मग हातातलं काम टाकून असू तिथे उभं राहायचं आणि मागायचं. कात्री हातात असली तर कात्री बाजूला ठेवून.

त्या भावाचा फोन मला आलेला नाही. म्हणजे मला वगळलंय. सरळ हिशेब आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

घड्याळवाल्या काकांचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाच्या बरोबर समोर. मी मशीनवर, ते डोळ्याला भिंग लावून. वर्षानुवर्षं सकाळी शटर वर केलं की ते हात करतात, मी टेप हलवते. चार दिवस झाले, शटर वर होतं आणि काका पाठमोरे होतात. आज रस्ता ओलांडून गेलेच.

"काका, साखळी बंद पडली का?"

"नाही, म्हणजे... चालू आहे."

"मग माझ्याकडे का येत नाही?"

काकांनी एका बिचाऱ्या घड्याळाचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "नर्सबाईंना विचारा. मी नियमाने चालतो. मला जे सांगितलं ते करतो."

"कुणी सांगितलं? आणि काय सांगितलं?"

"ताई, गिऱ्हाईक आलंय," म्हणाले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

८ सप्टेंबर, रविवार

झालं एकदाचं. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर नर्सबाईंना गाठलं. आधी गोडीत विचारलं. खरंच गोडीत. त्या म्हणाल्या, "थोडे दिवस तुम्ही विश्रांती घ्या."

विश्रांती! मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय विश्रांती घ्यायला? प्रार्थना म्हणजे तुमच्या वॉर्डातली सुई आहे का, तुम्ही म्हणाल त्यानेच टोचायची? देवाने काय तुम्हाला एजन्सी दिलीय?" आवाज जरा चढला असेल. पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. नर्सबाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. एरवी ही बाई ऐकून घेणाऱ्यातली नाही. डॉक्टरांना सुनावलेली आहे. आज तोंड उघडलं, मिटलं, आणि आमच्या ह्यांच्याकडे बघून निघून गेल्या. दुसऱ्याच्या नवऱ्याकडे काय बघायचं? म्हणे आवरा हिला, असंच ना?

ह्यांनी मला दंडाला धरून घरी आणलं. जेवताना म्हणाले, "त्या बाईला बोलू नकोस गं. चांगली आहे ती."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्याविरुद्ध कुणाची बाजू घेतली नव्हती. आज घेतली, ती नेमकी नर्सबाईंची. माझं जेवण गेलं. त्यांचंही पानात तसंच राहिलं. मी म्हटलं, टाकायचं नाही, संपवा. तर म्हणे भूक नाही. माझ्याशी भांडून स्वतः रुसायचं, ही नवी तऱ्हा.

११ सप्टेंबर, बुधवार

ह्यांच्या पँटी पुन्हा कमरेत घेतल्या. उन्हाळ्यात एकदा घेतल्याच होत्या. मागची शिलाई उसवून इतकं कापड आत दाबलं की खिसे एकमेकांना भेटायला आले. म्हटलं, "काय हो, या वयात कुणासाठी बारीक होताय?" म्हणाले, "गोड सोडलंय." बरं आहे. डॉक्टर कधीपासून सांगत होते. माणूस मनावर घेतो म्हटलं की घेतो. शर्टाच्या गळ्यातही आता दोन बोटं जातात. रविवारच्या कोटाचं काय करायचं ते मात्र बघावं लागेल. कोट आत घेणं म्हणजे सगळं अस्तर उसवणं आलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहेत, आणि मोठ्या दवाखान्याच्या लिफ्ट ह्यांच्याच कंपनीकडे आहेत. या महिन्यात बघावं तेव्हा दवाखाना. आज म्हटलं, "त्या लिफ्टला क्षय झालाय की काय? रोज उठून डॉक्टरकडे!" एरवी ह्यांनी वर एक कोटी केली असती. आज नुसते हसले आणि डबा न घेता गेले.

संध्याकाळी दुकानातून आले तर हे पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांत. दिवाही लावला नव्हता. विचारलं, "काय शोधताय?" म्हणाले, "चप्पल." चप्पल पायातच होती. वय झालं आता.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मास्तरांकडे जाऊन आले. मास्तर म्हणजे आमच्या मंडळीला गाणं शिकवणारे. खुबा मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. साखळीचं शेवटचं टोक त्यांना दिलंय, कारण ते कायम घरीच. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हणून तिथे गेले.

"मास्तर, तुम्हाला साखळीचे फोन येतात?"

"येतात."

"माझ्या जागी कोण करतं?"

"काकाच करतात."

"कुणासाठी चाललंय एवढं?"

मास्तरांनी डोळे मिटले. "ते विचारू नका, ताई." मग पलंगाची दांडी धरून थोडे उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी तुमच्यासाठीही मागतो हं. रोज. साखळीशिवाय."

इतका राग आला! म्हणजे मी आता कीव करण्याच्या लायकीची झाले. त्यांच्यासाठी नेलेली केळी टेबलावर आपटली आणि निघाले. दारातून बघितलं तर मास्तर डोळे पुसत होते. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लेक आली! कळवलं नाही, काही नाही, बॅग घेऊन दारात उभी. म्हणे सुट्टी शिल्लक होती. मला आधी आनंद झाला आणि मग शंका आली. जावई बरोबर नाहीत. फोनवर त्यांच्याशी बोलताना बाल्कनीत जाते, दार ओढून घेते. डोळे सुजलेले. बापाच्या गळ्यात पडली ती सुटेचना. मी काय समजायचं ते समजले.

स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "भांडलात का?"

"कोण?"

"कोण म्हणजे? तू आणि जावईबापू. आईपासून लपवू नकोस. संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच."

लेक माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, सगळं ठीक होईल, मी मागेन त्यांच्यासाठी, स्वभाव बदलतो माणसाचा. तर आणखीच रडली. आज झोपण्यापूर्वी जावयांच्या रागीटपणासाठी प्रार्थना केली. साखळीत नसले तरी देवाचा नंबर माझ्याकडे आहे अजून.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. हे आणि लेक गेले. हे माझ्याशिवाय चर्चला! मी म्हटलं, "तुम्हाला मधेच कोपर कोण मारणार?" म्हणाले, "आताशा झोप येत नाही मला तिथे."

घरात एकटी बसले आणि नको ते आठवलं. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजारी होता, तेव्हा हीच साखळी त्याच्यासाठी फिरली होती. सकाळ-संध्याकाळ. आम्ही कमी उभे राहिलो होतो का? मी तर जेवणखाण सोडून मागितलं होतं. गेला तो. त्याला पोचवून आले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून देवाला नाही नाही ते बोलले. ह्यांनी दारात उभं राहून सगळं ऐकलं. मग किती महिने मी चर्चची पायरी चढले नाही, कुणी गीत म्हणायला लागलं की रेडिओ मोठा करायचे. ह्या उन्हाळ्यात परत गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. अबोल्याचाच कंटाळा आला असेल. पण नर्सबाईंना तेव्हाच बजावलं होतं, लोकांसाठी हवं तेवढं मागेन, माझ्या घरासाठी साखळी पुन्हा फिरवायची नाही. माझ्यासाठी कुणी मागायचं नाही. एकदा हात भाजले तेवढे पुरे.

मागून काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्यासाठी उभं राहिलं की त्या वेळेपुरतं तरी माझं मन माझ्याभोवती फिरत नाही. तेच नर्सबाईंनी काढून घेतलं, म्हणून एवढं झोंबतंय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

हे उद्या बाहेरगावी निघालेत. कुठल्याशा इमारतीत नवी लिफ्ट बसवायची आहे, आठवडाभर तरी लागेल. लेक म्हणे मी बाबांना स्टेशनवर सोडून तिथूनच मैत्रिणीकडे जाते, परवा येते. जा बाई, मन रमव.

बॅग भरताना हे म्हणाले, "अगं, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "सांगा." माझ्या हातात ह्यांचे मोजे होते, एकाही जोडीला जोडीदार सापडत नव्हता, माझं डोकं फिरलेलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना कर."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी काय करायची? तुम्हाला काय झालंय? लिफ्ट नीट बसावी म्हणून करू का?"

हसले. "हो, तेच कर. वर गेलेली खाली येऊ दे."

वेडपट माणूस.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी दुकानात कोटाला अस्तर टाचत होते. फोन वाजला. घड्याळवाले काका. महिनाभराने! उचलला. पलीकडून तोच जुना, एका दमात पाठ म्हणून टाकणारा आवाज: "साखळी. लिफ्टवाल्या भाऊंना आत घेतलंय. आतड्यातली गाठ काढताहेत. डॉक्टरांच्या हातांसाठी मागा. पुढे द्या." आणि फोन ठेवला. नियमच तो.

मी समोर बघितलं. रस्त्यापलीकडे काका आपल्या दुकानात उभे होते. भिंग कपाळावर, फोन छातीशी धरलेला, डोळे मिटलेले. त्यांना कळलंच नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय, बोट आपोआप माझ्या नावावर गेलं असणार. ते उभे राहून माझ्या नवऱ्यासाठी मागत होते आणि मी त्यांच्याकडे काचेतून बघत होते.

मला काहीच सुचलं नाही. किंचाळावं, पळावं, काही नाही. 'पुढे द्या' एवढंच डोक्यात राहिलं. मी मास्तरांना फोन लावला. म्हटलं, "साखळी. लिफ्टवाल्या भाऊंना आत घेतलंय. आतड्यातली गाठ काढताहेत. डॉक्टरांच्या हातांसाठी मागा." शब्दाला शब्द. आवाज माझाच होता की कुणाचा, देव जाणे.

पलीकडे मास्तरांचा श्वास ऐकू आला. "ताई? तुम्ही?"

"मी."

"जा," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी उठून बसलोय."

काका तोवर रस्ता ओलांडून आले होते. चेहरा मेल्याहून मेल्यासारखा. "ताई, माझ्या हातून..." एवढंच म्हणत राहिले. दुकान उघडं टाकून कधी पाणी प्यायलाही न जाणारा माणूस, त्याने माझं शटर ओढलं, टॅक्सी थांबवली आणि स्वतः बरोबर आला. वाटेत मला पँटी आठवल्या. मी! नुसत्या नजरेने माणसाचं माप सांगणारी मी, महिनोन्‌महिने त्या कंबरा आत घेत बसले आणि विनोद करत बसले.

वर ऑपरेशन थिएटरबाहेर लेक बसली होती आणि तिच्या शेजारी नर्सबाई. म्हणजे जावयांचं काही नव्हतंच. लेक उठून माझ्याकडे आली. मी तिला हाताने बाजूला केलं. नर्सबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी बायको आहे त्यांची!"

"हो," नर्सबाई म्हणाल्या. "ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, साखळी फिरवा, पण हिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. भावाच्या वेळी ही मोडली होती, आता कुठे परत उभी राहिलीय, मी बरा झालो नाही तर पुन्हा तिचं देवाशी भांडण होईल. पाळकसाहेबांनी सांगितलं, मीही रोज सांगत होते, घरी सांगा, हे बरं नाही. ऑपरेशनच्या आधी सांगतो म्हणाले. काल इथे दाखल झाल्यावर कळलं, सांगितलंच नाही. शब्द दिला होता मी. चुकलं असेल माझं. पायऱ्यांवर तुम्ही बोललात ते खरंच होतं, त्यात माझं काही म्हणणं नाही."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरं सांगते. आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं.

लेक म्हणाली, "आई, आपण प्रार्थना करू." मी हात जोडले. 'प्रभू' म्हटलं आणि पुढे काहीच आलं नाही. एक अक्षर नाही. गल्लीभर लोकांसाठी मागितलं, अनोळखी माणसांच्या मुतखड्यांसाठी मागितलं, आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. भावाचा चेहराच पुढे येत राहिला. मी म्हटलं, "मला येत नाहीये. मला भीती वाटते. पुन्हा मागायचं आणि पुन्हा..."

नर्सबाईंनी मला खाली बसवलं. "मग तुम्ही नका करू," म्हणाल्या. "आज तुमची पाळी नाही. आम्ही आहोत ना. तुम्ही नुसत्या बसा."

आणि उभ्या राहिल्या. काकाही उभे राहिले. लेक उभी राहिली. मी बसून राहिले. तिकडे पाळकीणबाई आपल्या ओट्याशी उभ्या असतील, मास्तर दांडी धरून बसले असतील. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बसून राहिले आणि दुसऱ्यांना उभं राहू दिलं.

डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली म्हणाले. हे शुद्धीवर येताहेत. गाठीचा रिपोर्ट यायचा आहे, तोवर काही सांगता येणार नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

भेटू दिलं. नळ्याच नळ्या. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "कळलं तर तुला."

रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं बोलले. खोटारडे म्हटलं, घुम्या म्हटलं, लिफ्टच्या खड्ड्यात लोटून देईन म्हटलं. परिचारिका दारातून डोकावून गेली. हे हसायला गेले आणि टाक्यांनी कळवळले. म्हटलं, हसू नका, टाके मी घातलेले नाहीत, भरवसा नाही त्यांचा.

मग विचारलं, "एकटे कसे गेलात आत? भीती नाही वाटली?"

"वाटली ना. आधी खूप." छताकडे बघत म्हणाले, "पण ढकलत नेत होते तेव्हा वाटलं, आत्ता सगळे उभे असतील. काका, मास्तर, सगळे. माझ्यासारख्या झोपाळू माणसासाठी. मग म्हटलं, ठीक आहे, होईल ते होईल. फक्त एक वाटत होतं."

"काय?"

"की तू नाहीस त्यात."

मी त्यांच्या हाताला धरून बसले. मी होते. माझ्याकडूनच साखळी पुढे गेली, हे त्यांना सांगितलं. काकांच्या चुकीने गेली, तेही सांगितलं. ऐकून डोळे मिटले आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

पाळकसाहेब उपासना आटपून इकडे आले. मी त्यांना सरळ विचारलं, भावाच्या वेळी का नाही ऐकलं? तेव्हा कोण चुकलं? म्हणाले, "मला माहीत नाही." मी म्हटलं, तुम्ही पाळक आहात, तुम्हाला माहीत नाही म्हणजे काय? म्हणाले, "माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं नसतं का?" मग ह्यांच्यासाठी आणलेली मोसंबी सोलत बसले. काही उपदेश केला असता तर मी भांडले असते. मोसंबी सोलणाऱ्या माणसाशी काय भांडणार?

ह्यांचं ऑपरेशन नीट झालं ते प्रार्थनेने झालं, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर माझ्या भावाचं काय? पण त्यांनी स्वतः सांगितलं की आत जाताना भीती गेली. ते मी कसं नाकारू? भाऊही शेवटी शेवटी शांत होता. 'तुम्ही सगळे आहात ना,' असं म्हणायचा. तेव्हा मला त्याचं ऐकू आलं नव्हतं. मी एकाच गोष्टीसाठी कान लावून बसले होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट आला. गाठ वाईट होती. पूर्ण निघाली आहे असं डॉक्टरांना वाटतं, पण औषधं घ्यावी लागतील, त्रासाची असतात ती, आणि मग पुन्हा तपासण्या. होईल ना बरं, असं विचारलं तर म्हणाले, आशा ठेवायला जागा आहे. एवढंच.

दिवसभर मी अगदी खमकी होते. डॉक्टरांना प्रश्न विचारले, लेकीला गप्प केलं, ह्यांना म्हटलं, औषधांनी केस गेले तर बरंच होईल, तेलाचा खर्च वाचेल. हे म्हणाले, "तू आहेस तर मला कशाची भीती?" सगळे म्हणतात, मी खंबीर आहे. म्हणोत बापडे.

संध्याकाळी ह्यांचा डोळा लागला. लेक खाली गेली होती. मी खिडकीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी गज धरले. ते सोडवेनात. बाकीच्यांना धीर देऊन देऊन माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं.

फोन काढला. नर्सबाईंना लावला. त्यांनी उचलला आणि हेडनर्सच्या आवाजात म्हणाल्या, "बोला. भाऊ कसे आहेत?"

मी म्हटलं, "साखळी."

नियम त्यांनीच केलाय, मधे बोलायचं नाही. मी कुणासाठी आणि काय मागायचं ते सांगायला हवं होतं. सवयीने ह्यांचं नाव ओठांवर आलं होतं. ते सांगणं सोपं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "मला फार भीती वाटतेय, नर्सबाई."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"ठेवा फोन," त्या म्हणाल्या. "मी उभी राहिलेय."